दोघांचे मिळून किती

"दोघांचे वेगवेगळे?" उस्ता यदुल्लांनी विचारलं. "एका खोलीत दोघं राहिलो तर?"

"एका खोलीत नाही राहता येणार, बाबाजान," वृद्धाश्रमाच्या टेबलामागची बाई समजुतीच्या सुरात म्हणाली. "बायकांचा विभाग इकडे, पुरुषांचा बागेच्या पलीकडे. दर दोन्हीकडे सारखाच. माणशी सव्वा कोटी तोमान महिन्याला. औषधं वेगळी."

"मग आमची भेट कधी?"

"सोमवारी आणि गुरुवारी. दुपारी, बागेत."

"ऐकलंस, तलअत?" उस्ता खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "लग्नाआधी चोरून भेटायचो तेसुद्धा यापेक्षा जास्त होतं."

"खिडकीशी काय बोलताय? मी उजवीकडे आहे," तलअत खानुम चाकांच्या खुर्चीतून म्हणाल्या. "आणि हळू बोला जरा. परक्यांच्या घरात आहोत."

फरांगीसने आईच्या खुर्चीचा दांडा घट्ट धरला आणि ओठ आतल्या आत चावला. हसू येत होतं, आणि त्या बिचाऱ्या बाईसमोर हसणं बरं दिसलं नसतं. जागा खरोखरच चांगली होती. फरशी चकचकीत, खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या, साबणाचा वास. जाळीच्या पलीकडे दोन म्हाताऱ्या शेंगा सोलत कुणाची तरी मनसोक्त निंदा करत बसल्या होत्या.

"एक सांगा, खानुम," उस्तांनी पुन्हा सुरुवात केली. "हिला तहान लागली तर पाणी कोण देणार?"

"नर्स देईल."

"आणि पाणी कुठे ठेवलंय ते मला कोण सांगणार?"

"नर्सच सांगेल की."

"म्हणजे मला नर्सशी लग्न लावावं लागणार." उस्तांनी मान डोलावली. "या वयात खर्च जरा जास्तच होईल."

टेबलामागची बाईसुद्धा हसली. रश्त शहरात माणूस हसला की पुढचा चहा टळत नाही. चहा आला, साखरेचे खडे आले, आणि तलअत खानुमना स्वयंपाकघर बघायचं होतं म्हणून तेही बघून झालं. बाहेर आल्यावर त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. ओठांना लिपस्टिक लावली होती त्यांनी. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"आता पुढची जागा कुठली?" त्यांनी विचारलं. एखाद्या मुलीला स्थळं बघायला न्यावं आणि पहिलं स्थळ संपताच तिनं दुसऱ्याची चौकशी करावी, तसा त्यांचा चेहरा उजळला होता.

*

गोष्ट अशी होती की उस्ता यदुल्लांना दिसत नव्हतं आणि तलअत खानुमना चालता येत नव्हतं.

उस्तांनी चाळीस-बेचाळीस वर्षं मोहल्ल्याचे केस कापले. घराच्याच पुढच्या खोलीत, रस्त्याकडे दार असलेलं दुकान. डोळ्यांत पडदा आला, ऑपरेशन झालं, तरी आधी एक डोळा गेला, मग दुसरा, आणि एक दिवस त्यांनी शाळामास्तरांच्या कानाला कात्री लावल्यावर स्वतःच दुकानाचं दार ओढून घेतलं. तलअत खानुमचं कमरेचं हाड त्यानंतर दोन वर्षांनी मोडलं. तेव्हापासून दोघांनी मिळून एक माणूस तयार केला होता. त्या बसल्या जागेवरून सांगायच्या, "दोन पावलं पुढे, उस्ता. आता डावीकडे. हात खाली घाला, तोच पेला," आणि ते जाऊन आणायचे. दिवसभर घरात हेच चालायचं. भांडणही त्यातच व्हायचं. रागावल्या की त्या मुद्दाम चुकीची दिशा सांगायच्या आणि उस्ता भिंतीला हात लावून म्हणायचे, "बरं बरं, कळलं. चूक माझी."

उरलेलं सगळं फरांगीस करायची. अंघोळी, जेवण, दवाखाना, रात्रीचं उठणं. सकाळी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, दुपारी धावत घरी. एकावन्न वर्षांची झाली होती. हे सगळं तिनं का करायचं, याचे किती होतात, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनंही नाही. तक्रार नव्हती, घरचं काम घरचंच असतं.

मग सीरूस आला.

तो अंजली नावाच्या समुद्रकाठच्या गावचा. बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. आईच्या इन्सुलिनसाठी तो रश्तला यायचा, कारण तिकडे कधी मिळायचं, कधी नाही. काळ्या पडलेल्या बोटांनी औषधाचा डबा असा धरायचा की जणू आत पिल्लू आहे. गेल्या हिवाळ्यात आई गेली. फरांगीसला वाटलं, आता हा कशाला येतोय! पण पुढच्याच आठवड्यात तो हजर. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या हव्यात म्हणे. त्यानंतर दर आठवड्याला व्हिटॅमिन सी. शेवटी एकदा तिनं विचारलं, "आगा सीरूस, एवढ्या गोळ्या खातं तरी कोण?"

तो कानापर्यंत लाल झाला. "शेजाऱ्याच्या बकरीला देतो," म्हणाला. "फरांगीस खानुम, आता बकरीसुद्धा नको म्हणते. दुसरं काही मागायला आलो तर चालेल का?"

तिनं आठ दिवस घेतले आणि हो म्हटलं. त्या रात्री तिला आनंदाच्या इतक्या उकळ्या फुटत होत्या की तिनं पहाटे उठून सगळ्या घराचे पडदे धुऊन टाकले. आईला सांगताना शब्द सुचेनात. तलअत खानुमनी निम्म्यातच तिचा हात धरला आणि ओरडल्या, "उस्ता! या इकडे! चार पावलं सरळ! आपली फरांगीस लग्न करतेय!" उस्ता सरळ चार पावलं आले, पाचव्याला मांडणीवर आदळले, आणि मांडणीलाच मिठी मारून म्हणाले, "मुबारक हो, पोरी."

अडचण एकच होती. सीरूसचं घर त्याच्या कारखान्याच्या वर, उभ्या जिन्याचं. खुर्ची वर जाणं शक्य नाही. म्हणून तर हा फेरा सुरू झाला: कुठे काय मिळतं, कितीला मिळतं.

*

दुसऱ्या ठिकाणी ते तिघं मंगळवारी गेले. घरी राहणाऱ्या बायका पुरवणारं ऑफिस होतं ते, बाजाराजवळ, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. तेव्हा तिथला तरुण मॅनेजरच खाली आला आणि फुटपाथवर उभं राहून दर सांगू लागला. चोवीस तास राहणारी बाई दोन कोटी. दोन माणसांचं करायचं असेल तर दुसऱ्याचा अर्धा दर वर. म्हणजे तीन कोटी.

"दुसरा कोण?" उस्तांनी विचारलं.

"तुम्ही, पेदरजान. म्हणजे, तुम्ही दोघं आहात ना?"

"हे बघ बेटा. पाय माझे, ते चालतात. डोळे हिचे, ते बघतात. एक माणूस पुरा होतो आणि दोन डोळे, दोन पाय मोडीत निघतात. मोडीचे पैसे कोण लावतं?"

मॅनेजर गोंधळून फरांगीसकडे बघू लागला. शेजारचा लसूणवाला टोपलीवरून ओरडला, "उस्ता बरोबर बोलतायत! मोडीचे पैसे कापून दे!" तेवढ्यात दोन गिऱ्हाइकंही थांबली. एकानं उस्तांना ओळखलं, लहानपणी त्यानं त्यांच्याकडून केस कापून घेतले होते. दर काही कमी झाला नाही, पण तलअत खानुमना लसणाची जुडी फुकट मिळाली, आणि परतताना त्या एवढ्या खुशीत होत्या की टॅक्सीत त्यांनी ड्रायव्हरलासुद्धा त्याच्या आईचं कसं करतो ते विचारून घेतलं.

"मामान, तुला हे सगळं आवडतंय," फरांगीस म्हणाली.

"का नाही आवडणार? दोन वर्षं मी अंगणातलं ते खुरमालूचं झाडच बघतेय. आणि कुणीतरी मला विचारतंय, खानुम, तुम्हाला काय हवं?" त्यांनी लसणाची जुडी मांडीवर सरळ केली. "सीरूसनं तुला विचारलं तसं."

*

शुक्रवारी तेहरानहून कियूमर्स आला. फरांगीसचा थोरला भाऊ; टायरचं दुकान, बायको नसरीन, दोन मुलं, गाडीत बसल्या बसल्या वाढलेलं पोट. जेवायला मिर्झा कासेमी होतं, धुरावलेल्या वांग्यांचं, आणि त्यानं तीनदा घेतलं. मग हात पुसले, मोबाइल काढला, कॅल्क्युलेटर उघडला.

"आश्रम, अडीच कोटी," तो बोटांनी आकडे दाबत म्हणाला. "घरी बाई, तीन कोटी. माझ्याकडे आणावं तर माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, आणि नसरीनची पाठ तुम्हाला माहितीये. बाबांचं पेन्शन खाण्यात आणि औषधातच जातं. आणि फरांगीस राहिली तर…" त्यानं बोट थांबवलं. "तर शून्य."

 चहाच्या सामोवरची वाफ तेवढी शिट्टी वाजवत होती.

"मी नको म्हणत नाहीये," कियूमर्स घाईनं म्हणाला. "पण एकावन्नाव्या वर्षी लग्न… थोडं थांबता नाही का येणार? दोन-तीन वर्षं?"

"कशासाठी थांबायचं?" तलअत खानुमनी विचारलं. "आम्ही मरावं म्हणून?"

"तसं नाही गं, मामान!"

"तसंच आहे. ते शून्य तू म्हणालास ना? त्या शून्याचं मी रोज खाते, कियूमर्स. ते शून्य मला रात्री कुशीवर वळवतं. पुसून टाक ते."

कियूमर्सनं मान खाली घातली. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला पैशाची भीती वाटत होती, आणि पैशाची भीती वाटणारा माणूस आधी दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो, इतकंच.

चहाच्या वेळेला सीरूस आला. नवा सदरा, हातात भलामोठा सफेद मासा, कागदात गुंडाळलेला. लग्नाच्या घरात फुलं आणतात हे त्याला रस्त्यात कुणीतरी सांगितलं असावं, कारण माशावरच एक गुलाबाचं फूल खोचलेलं होतं. तो गालिच्याच्या अगदी कडेला बसला. कियूमर्सच्या मोबाइलवरचे आकडे त्याच्या ध्यानात आले.

"मी एक सांगू का?" तो म्हणाला. "मीच इथे येतो. कारखान्याचं काय, देईन कुणाला चालवायला. माझ्या आईचं मी केलं, यांचंही करीन. एकही तोमान लागणार नाही."

फरांगीसनं हातातला चहा खाली ठेवला. घरजावई! अठ्ठावन्नाव्या वर्षी, ज्याला समुद्राचा वास आल्याशिवाय सकाळ होत नाही असा माणूस! कियूमर्सचा चेहरा एकदम खुलला. तो काही बोलणार तोच उस्ता यदुल्लांनी हात वर केला.

"नको."

"उस्ता, खरंच मला…"

"नको, बेटा. दुकान बंद करून बसलेला एक माणूस या घरात आहे. दुसरा नको."

हे ते हसत म्हणाले नाहीत. आठवडाभरात पहिल्यांदाच ते हसत बोलले नाहीत. मग त्यांनी बसल्या जागीच भिंतीला हात लावला. भिंतीपलीकडे दुकान होतं. तिथली खुर्ची, आरसा, बाटल्या, पट्ट्यावर लटकवलेला वस्तरा, सगळं चार वर्षं तसंच होतं. रोज सकाळी उस्ता आतल्या दारानं तिथे जायचे, अर्धा-पाऊण तास खुर्चीत बसून यायचे. तिथे ते काय करत, हे घरात कुणी विचारत नसे.

"ती खोली भाड्यानं किती जाईल?" त्यांनी विचारलं.

"बाबा!" फरांगीस म्हणाली.

"मी कियूमर्सला विचारतोय. त्याच्या हातात ते यंत्र आहे."

कियूमर्सनं घसा साफ केला. "रस्त्यावर आहे… मोक्याची आहे. कोटीभर सहज. थोडं वरच."

"मग दाब. कोटी. पुढे?"

"बाबा, त्या दुकानाला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता."

"म्हणून तर ते फुकट बसलं. माझ्यासारखं." ते आता हसले. "फुकट, फुकट ऐकून कान किटले माझे. पोरीचे हात फुकट, जावई फुकट, दुकान फुकट. दाब म्हणतो ना!"

कियूमर्सनं दाबलं. मग मोबाइलच्या पडद्याकडे बघतच म्हणाला, "राहिलेलं मी आणि फरांगीस निम्मं निम्मं." कुणी सांगितलं नव्हतं त्याला. मग मात्र तो लगेच उठला, आणि गाडीतून काहीतरी आणायचं राहिलंय असं सांगून बाहेर गेला.

*

ऑफिसवाल्या मॅनेजरशिवाय बाई शोधायची हे तलअत खानुमनी ठरवलं. लसूणवाल्याच्या ओळखीनं फूमनकडच्या खेड्यातली तूबा आली. रुंद हाडापेराची, नवरा वारलेला, मुली लग्न होऊन आपापल्या घरी. आवाज असा की अंगणातली बदकं पळाली.

"भात खाली लागतो का तुझा?" तलअत खानुमनी विचारलं.

"लागतो. मुद्दाम लावते. त्याची खरपुडी कोण खाणार मग?" तूबा म्हणाली. "माझं एक सांगा. तुम्ही दोघं रात्री भांडता का? मला पुरी झोप हवी असते."

"दिवसा भांडतो. पगाराचं बोल."

तूबानं दोघांचा आकडा सांगितला. उस्तांनी लगेच आपलं चार पाय-चार डोळ्यांचं गणित मांडलं, पाय माझे, डोळे हिचे, एकच माणूस.

तूबानं सगळं नीट ऐकून घेतलं. "बरं. तोंडं किती?"

"दोन," उस्ता सापडले.

"मग दोघांचे घेईन. अर्ध्या तासात कळलं मला, या घरात काम पायाचं नाही, ऐकण्याचं आहे."

तलअत खानुम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. उस्ता पाण्यासाठी उठले, आणि सवयीनं दिशेची वाट बघत उभे राहिले. "तीन पावलं, मग उजवीकडे," तूबा बसल्या जागेवरून म्हणाली. उस्ता गेले, पेला घेऊन आले. सौदा तिथेच झाला. ऑफिसपेक्षा बराच स्वस्त, आश्रमापेक्षाही थोडा कमी. फरांगीस दारात उभी राहून बघत होती. तिला नाचावंसं वाटत होतं, आणि का कोण जाणे, तिनं जाऊन रिकामा पेला स्वतःच विसळून ठेवला.

दुकान एका ब्युटी पार्लरवालीनं घेतलं. तिला खुर्ची हवी होती. तशी मजबूत लोखंडी खुर्ची आता मिळत नाही म्हणाली. कियूमर्स सामान हलवायला खास एक दिवस आला. उस्तांनी वस्तरा, दोन कात्र्या आणि कंगवा एवढंच काढून घेतलं. आरशावरून एकदा हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, जसं कुणाचा तरी चेहरा चाचपावा. संध्याकाळी दाराला जाड पडदा लागला आणि त्यावर पाटी: पुरुषांना प्रवेश नाही.

"काय लिहिलंय?" उस्तांनी विचारलं.

कुणालाच सांगवेना. तूबानं सांगितलं.

उस्तांनी पडदा हातानं चाचपला. "बरं झालं," म्हणाले. "चार वर्षं मी तिथे एकटाच पुरुष होतो. कंटाळलो होतो."

*

लग्न घरातच झालं. जमिनीवर पांढरी चादर, आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी, मधाची वाटी. नवरा-नवरीच्या डोक्यावर धरलेल्या कापडाचं एक टोक तलअत खानुमनी खुर्चीत बसून धरलं होतं आणि दुसरं नसरीननं, दुखरी पाठ विसरून. मुल्लांनी पहिल्यांदा विचारलं, तुझी संमती आहे का? रीत अशी की नवरी गप्प बसते, बायका ओरडतात, "नवरी फुलं तोडायला गेलीय!" आणि तिसऱ्या वेळी कुठे ती तोंड उघडते.

फरांगीस पहिल्याच वेळी म्हणाली, "आईबाबांच्या परवानगीनं, हो!"

हशाचा असा लोट उसळला की मेणबत्त्या विझल्या. "अगं थांब, अजून दोनदा विचारायचंय!" नसरीन ओरडली. मुल्ला दाढी धरून हसत होते. सीरूसचे डोळे भरून आले होते आणि तो आरशात बघून तिला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. उस्ता यदुल्लांनी मोठ्यानं म्हटलं, "लिहून घ्या, आगा! विचार बदलायच्या आत लिहून घ्या!"

*

अंजलीला सीरूसच्या घरी आल्यावर पहिले काही दिवस घर लावण्यात गेले. मग एका संध्याकाळी फरांगीस धक्क्यावर आली. सीरूस खाली एका होडीत गुडघ्यांवर बसून इंजिनाशी झटत होता. तिनं घरी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कोण? फरांगीस?" आईचा आवाज गडबडीत होता. मागे केस वाळवायच्या यंत्राची घरघर, बायकांचं बोलणं, कुणीतरी खदखदून हसत होतं. "अगं मी पार्लरमध्ये आहे. डोक्याला मेंदी लावलीय, फोनला लागेल!"

"तू बरी आहेस ना? बाबांनी गोळी घेतली? संध्याकाळची, ती पिवळी?"

"घेतली असेल. तूबा बघते. ते अंगणात शेंगा सोलतायत तिच्याबरोबर, वाद घालतायत. फरांगीस, इथे ही बाई एका नवरीचं असं काही सांगतेय… उद्या बोलू, हां? उद्या कर."

आणि आईनं फोन ठेवला.

फरांगीस मोबाइल हातात धरून उभी राहिली. आईनं आपणहून फोन ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं. खालून सीरूसनं विचारलं, "सगळं ठीक?" ती म्हणाली, "हो. मजेत आहेत."

ऊन पाण्यावर उतरत होतं. या वेळेला ती बाबांचे पाय गरम पाण्यात ठेवायची, आईचा भात मऊ करायची, एकातून दुसऱ्या कामाला हात लागायचा. ती एका पालथ्या होडीवर बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले, एकावर एक, कुणाच्या तरी घरी पहिल्यांदाच आलेल्या पाहुणीसारखे, आणि ते तिथे तसेच राहू दिले.